आठ महिने वावरात वाजवलेला स्पीकर: आवाज दमदार, पण शांतता गिळतो

राजेहो, परवा स्पीकर तिसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरवरून परत आला, सोबत तीच छापील चिठ्ठी, "नो फॉल्ट फाऊंड". म्हणून आज बसून सगळं लिहूनच काढतो. किती वॉट, बॅटरी किती, पाणी लागलं तर चालते का, हे सगळं खोक्यावर आहे आणि घ्यायच्या आधी तुम्ही वाचालच. मी लिहितो ते आठ महिने जवळपास रोज रात्री वावरात वाजवून जे कळलं ते.

घेतला तो गाणी ऐकायला नाहीच. जुलैत पेरणी निघाली की रानडुकरं रात्री येऊन पेरलेल्या ओळीच्या ओळी उकरतात, रोही म्हणजे नीलगायी येतात ते वेगळंच, मग जागलीला कोणीतरी लागतेच. बाबांच्या काळात टिनाचा पिपा वाजवायचे. मी दारव्ह्याहून १,८९९ रुपयांचा हा ब्लूटूथ स्पीकर आणला, फोनमध्ये कुत्री भुंकायचं रेकॉर्डिंग भरलं आणि मचाणावर टांगून दिला. चार रात्री डुकरं फिरकली नाहीत. पाचव्या रात्री वर कुत्री भुंकून राहिली आणि खाली डुकरं निवांत उकरून राहिली. म्हणजे जागलीसाठी कोणी घेत असेल तर तेवढ्यासाठी घेऊ नका, जनावर चार दिवसांत ओळखते.

गाण्याकडे वळलो ते उरलेल्या डेटामुळे. रोजचा दीड जीबी मिळते, वावरात नेटवर्कची एकच काडी, अर्धासुद्धा खर्च होत नाही आणि रात्री बारा वाजले की उरलेला गेला. पैसे मोजून घेतलेली वस्तू रोज बाराच्या ठोक्याला वाया जाते हे मला बघवत नव्हतं. मग संध्याकाळी गावात असतानाच गाणी डाऊनलोड करून ठेवायला लागलो. भाचा पुण्याला शिकतो, त्याला विचारलं काय ऐकू, तर त्यानं यादीच पाठवली आणि म्हणाला, मामा, एकेक गाणं नका ऐकू, अख्खा अल्बम ऐका, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं काही सोडू नका. फुकटच्या प्लॅनमध्ये अ‍ॅप मध्येच दुसरं गाणं घुसवते, वरून जाहिरात, म्हणून सगळ्यात स्वस्तातला महिन्याचा प्लॅन घेतला. आणि पैसे दिलेत म्हटल्यावर एक रात्र एक अल्बम असा नियमच करून टाकला. ज्या वहीत पाणी कोणत्या दिवशी कोणत्या पट्ट्याला दिलं ते लिहितो, तिच्याच मागच्या पानांवर अल्बमची नावं आहेत, आजच्या तारखेला एकशे सोळा झाली.

पहिला लावला 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ चा. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. शर्मा आणि चौरसिया दोघंही तेव्हा तिशीच्या आतले. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका गुराख्याचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस, रागांच्या वेळेप्रमाणे मांडलेला. आमच्याकडे गुराख्याला गायकी म्हणतात, तो शब्द मला त्या रात्रीपासून वेगळाच ऐकू येते. पण रात्री अकराला अहिर भैरव ऐकून काही जमेना, सकाळचा राग तो. मग एका पहाटे जागलीवरून उतरताना लावला, गावातली ढोरं आखरावर जमून राहिली होती, बासरी चालू होती आणि खालून घंट्यांचा आवाज येत होता. त्या दिवशी मी स्पीकरला मनातल्या मनात पाचपैकी पाच देऊन टाकले होते.

त्याच आठवड्यात पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' लावला, १९७३ चा. माझ्याकडे तो एकदम घड्याळं, कोणाचं तरी हसणं, गल्ल्याचा खणखणाट अशा गोंधळातच सुरू झाला. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, मामा, त्याच्याआधी काळजाचे ठोके असतात ना, शेवटीही असतात. मी म्हटलं नाही बा, माझ्याकडे नाहीत. वाटलं डाऊनलोडच अर्धवट झालं असेल, सोडून दिलं. कारण पुढे जे ऐकलं त्यात मी पुरता गुंतलो होतो. त्यात एक गाणं आहे, गायलेला शब्द एकही नाही, क्लेअर टोरी नावाची बाई नुसता आवाज लावते, ओरडते, मग हळूहळू खाली येते. आमची माय गेली तेव्हा आत्या अशीच रडली होती, शब्द संपले होते आणि नुसता आवाज राहिला होता. मचाणावर एकटा होतो म्हणून बरं झालं.

आता भांडणाची गोष्ट. सप्टेंबरमध्ये बीटल्सचा 'अ‍ॅबी रोड' लावला, १९६९ चा. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'आय वॉन्ट यू' पावणेआठ मिनिटांच्या आसपास आहे, शेवटची दोन-तीन मिनिटं तेच ते वाजत जाते, वाऱ्यासारखा घोंगावता आवाज वाढत वाढत येते आणि ऐन भरात कटकन बंद. बंद म्हणजे सुरीनं कापल्यासारखं बंद. मला वाटलं स्पीकर गेला. ठोकून पाहिला, चार्जिंगला लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं यवतमाळला सर्व्हिस सेंटरवर. काउंटरवरच्या पोरानं ठेवून घेतला, अठरा दिवस ठेवला, आणि काही खराबी नाही म्हणून चिठ्ठीसकट परत दिला. त्याच्याशी मी बरंच भांडलो. घरी आल्यावर भाच्यानं सांगितलं की गाणंच तसं आहे, बीटल्समधल्या जॉन लेननने रेकॉर्डिंगवाल्याला सांगून टेप तिथं कापायला लावली होती. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्या पोराला मी समोर उभं राहून सांगितलं, भाऊ, ते माझं चुकलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं तर ते सांगायलाच पाहिजे.

पण या भानगडीत एक झालं, मी कान लावून ऐकायला शिकलो. कोणता तुटका आवाज मूळचाच आहे आणि कोणता माझ्या मशीननं तोडला, हे बघायची सवयच लागली.

ऑक्टोबरमधली एक रात्र सांगतोच. सोयाबीन सोंगून गंजी लावलेली होती, थ्रेशरवाल्याचा नंबर दोन दिवसांनी. मी ब्लॅक सबाथ बँडचा त्याच नावाचा अल्बम लावून जरा पडलो आणि डोळा लागला. तो अल्बम, १९७० चा, पावसानंच सुरू होतो, पाऊस, ढगांचा गडगडाट आणि लांबून घंटेचे टोले. झोपेत तो पाऊस कानावर पडला आणि मी मचाणावरून उडीच मारली, ताडपत्री ओढली, दोन टोकांवर दगडही ठेवले, तेव्हा वर पाहिलं तर चांदण्या. अंगावर थेंब नाही आणि कानात पाऊस. तेवढ्यात गिटारचे ते जड तीन सूर आले. सोयाबीन भिजलं असतं तर काय झालं असतं हा विचार आणि ते सूर एकत्रच अंगावर आले, त्या रात्रीनंतर मला त्या संगीताबद्दल कोणी काही समजावायची गरज राहिली नाही. नंतर वाचलं की त्या बँडमधला गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना कारखान्यात मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, मग त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या केल्या आणि वाजवत राहिला. आमच्या गावात थ्रेशरमध्ये हात गेलेले दोघं आहेत. ते वाचून मी गाणं बंद करून बराच वेळ बसलो होतो.

खरी खराबी सापडली ती नोव्हेंबरमध्ये. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि लाईन रात्रीचीच, मोटर चालू केली की दांडावर बसून राहायचं. तेव्हा जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' लावला, १९५९ चा. पहिल्या गाण्याची सुरुवात पियानो आणि मोठा बास दोघं मिळून अगदी दबकत करतात, पण माझ्या स्पीकरमधून ती सुरुवात आलीच नाही. तुकडे तुकडे आले. कान जाळीला लावून ऐकलं. सूर बारीक होत गेला की आधी 'टक्' असा अगदी हलका आवाज होते, मग आतली सूं-सूं एकदम थांबते, सगळं मुकं. पुन्हा मोठा सूर आला की स्पीकर जागा होतो, पण जागं व्हायला त्याला अर्धा सेकंद लागते आणि तेवढा सूर गेला तो गेला. म्हणजे बारीक आवाजाला हे मशीन 'काहीच वाजून नाही राहिलं' असं समजते आणि बॅटरी वाचवायला आतून दार लावून घेते. पिंक फ्लॉइडच्या काळजाचे ठोके यानंच गिळले होते.

तुम्ही म्हणाल अर्धा सेकंद तर आहे. मी पण तेच म्हणत होतो, पण एकदा कळलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

मला प्रश्न पडला, जुलैपासून वाजवून राहिलो तर आधी का नाही कळलं? कारण मी मधल्या महिन्यांत आपलं शास्त्रीयच जास्त ऐकलं होतं आणि त्यात हा स्पीकर एकदाही अडला नाही. अमीर खाँसाहेबांचा १९६० चा मारवा आहे, दिवस मावळताना बांधावर बसून ऐकायचा. मारव्यात पंचम नाही आणि षड्जावर ते लवकर येतच नाहीत, उजेड गेला तरी घरी परतायचं मन होत नाही तसं. त्यानंतर वसंतराव देशपांड्यांचाही मारवा शोधून ऐकला, ते तर आपल्या मूर्तिजापूरचे. दोघंही केवढे थांबतात मध्ये! तरी स्पीकर मुका झाला नाही, कारण ते थांबले तरी तंबोरा थांबत नाही. आपल्या गाण्यात शांतता म्हणजे रिकामी जागा नसतेच, तिच्या खाली तंबोरा असतो. तिकडच्या रेकॉर्डमध्ये मात्र शांतता म्हणजे खरंच काही नाही, आणि हे मशीन नेमकं तेच खाते. हे लक्षात आलं त्या रात्री हरभऱ्याचा पट्टा भरून पाणी दुसऱ्याच्या धुऱ्यात गेलं होतं.

मग सगळ्यात जास्त जीव जळाला तो पियानोवाल्या कीथ जॅरेटच्या 'कोल्न कॉन्सर्ट'वर. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतलं कोल्न शहर, रात्री साडेअकराचा कार्यक्रम, अठरा वर्षांच्या मुलीनं ठेवलेला. स्टेजवर भलताच पियानो आलेला, लहान, खालचे सूर पोकळ, वरचे कर्कश, पायातले पेडल धड नाही. तो वाजवायला तयारच नव्हता, शेवटी वाजवला. खराब सूर टाळून मधल्याच पट्ट्यांमध्ये खेळत राहिला, डाव्या हातानं एकच ठेका धरून ठेवला, मध्ये मध्ये स्वतःच गुणगुणतो, कण्हतो, ते पण रेकॉर्डमध्ये आहे. एक तासाच्या वर एकटा माणूस, आधी काही ठरवलेलं नाही. मोडक्या पियानोवर त्या माणसानं एवढं केलं, त्याचा एकेक सूर हवेत विरत जाते तो ऐकायचा असते, आणि पन्नास वर्षांनंतर माझ्यापर्यंत पोचलेला तो सूर शेवटच्या टोकाला माझा स्पीकर 'टक्' करून तोडतो. पियानोची खोट त्यानं सोसली, ती त्या रात्रीचीच होती. 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये पण मूळची खोट आहे, रेकॉर्ड करताना टेपचं मशीन जरा हळू चालल्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात विकली गेली, नव्वदच्या दशकात दुरुस्त झाली. अशी खोट मला चालते. पण ज्यानं वाजवलं त्यानं केलेली शांतता माझ्या बॅटरीच्या हिशेबात कापायची नाही.

म्हणून दुसऱ्यांदा सर्व्हिस सेंटर. पोरानं समोरच डीजेचं गाणं फुल आवाजात लावलं, पाहा काका, मस्त वाजून राहिला. मी म्हटलं, भाऊ, हळू आवाजाचं लाव. तो म्हणाला, हळू वाजवायला कोण घेते एवढा मोठा स्पीकर. माझ्या फोनवरून लावून दाखवतो म्हटलं तर मागं लाईन होती. जमा करून घेतला आणि परत तीच चिठ्ठी. तिसऱ्यांदा तर कागदावर लिहून दिलं, कोणता अल्बम, कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला. तो कागद घडीसुद्धा न मोडता खोक्यातच परत आला. एकदा द्यायला, एकदा आणायला, असे सहा हेलपाटे, आठशेच्या वर रुपये नुसत्या तिकिटात गेले, वॉरंटी वर्षाची आहे म्हणून. त्या पोरांचा दोष मी म्हणत नाही, त्यांना वरून जे तपासायला सांगितलं ते तपासतात. पण बारीक आवाज लावून पाहायचा हे कोणाच्या यादीतच नाही, याचा मला राग आहे.

आता चांगलं सांगतो, नाहीतर अन्याय होईल. बॅटरी अजूनही पूर्ण रात्र जाते. एकदा दांडात पडला, चिखलानं भरला, धुऊन उन्हात ठेवला तर चालू. बास तर असा की बॉब मार्लेचा 'एक्सोडस' लावला की मचाणाची फळी थरथरते. नुसरत साहेबांचा 'मस्त मस्त' पण यावर छान. बीच बॉइज बँडचा 'पेट साउंड्स' तीनदा ऐकला, १९६६ चा, लोक केवढं नाव काढतात पण मला नाही लागला, फक्त शेवटी रेल्वे जाते आणि कुत्री भुंकतात तेव्हा खाली झोपलेलं आमचं कुत्रं उठून उत्तर देऊन राहिलं.

आणि एक रात्र फक्त या स्पीकरमुळे मिळाली. डिसेंबरमध्ये बाबा शेकोटीजवळ बसले होते, मी अरेथा फ्रँकलिनचा 'अमेझिंग ग्रेस' लावला. १९७२ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये, लोकांच्या समोर, दोन रात्री रेकॉर्ड केलेला. बाबा पंचेचाळीस वर्षं गुरुदेवच्या भजन मंडळात खंजिरी वाजवतात, दरवर्षी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जातात. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हे कोणतं भजन होय बे?"

म्हटलं, "अमेरिकेतलं आहे बाबा, चर्चमधलं."

"मंडळ चांगलं आहे. ते मागचे लोक पाह्य कसे, बाईले उचलून धरून राह्यले. ती थकली का ते घेतात."

मग घरातून खंजिरी मागवली. शीर्षकाचं गाणं जवळपास अकरा मिनिटांचं आहे, त्यात तिनं एकेक शब्द एवढा लांबवला आहे की ठेका सापडतच नाही, तिथं बाबांनी खंजिरी मांडीवर ठेवून नुसती मान हलवली. पुढच्या जलद गाण्याला मात्र अंगठ्याच्या पेरानं कातडं दाबत असा ठेका धरला की मी गाणं ऐकू की त्यांचा हात पाहू असं झालं. त्या अल्बममध्ये लोक क्षणभर गप्प बसत नाहीत, टाळ्या, हाका, हुंकार, त्यामुळे स्पीकर एकदाही मुका झाला नाही. बाबांनी विचारलं, ही बाई अजून आहे का? म्हटलं, २०१८ मध्ये गेली. त्यांनी खंजिरी कपाळाला लावली आणि खुंटीला टांगायला दिली.

आता मत बदललं ते सांगतो. इथपर्यंत मी दोन स्टार देणार होतो. पण काल बाजाराच्या दिवशी फुटपाथवरून ऐंशी रुपयांची वायर आणली, फोनपासून स्पीकरपर्यंत थेट जोडायची, आणि ब्लूटूथ बंद करून लावलं. तर मशीन शांतता खातच नाही! 'टक्' नाही, मुकं होणं नाही. ही चोरी फक्त ब्लूटूथमध्येच आहे. आठशे रुपये एसटीला दिले आणि औषध ऐंशी रुपयांचं निघालं, तीन खेपांमध्ये एकानंही सांगितलं नाही की काका, वायर लावून पाहा. म्हणून स्पीकरला चार, सर्व्हिसला शून्य. आणि घ्यायचा असेल तर आधी मागच्या बाजूला वायरचं भोक आहे ना ते पाहा, नव्या मॉडेलमधून ते काढून टाकलं आहे असं दुकानदार म्हणत होता. नसेल तर घेऊ नका, फुकट मिळाला तरी.

वायर आणली त्या रात्री आधी काळजाचे ठोके ऐकले. होते. अगदी लांबून चालत आल्यासारखे. मग 'कोल्न' पूर्ण, तासाच्या वर, आणि मग परत 'अ‍ॅबी रोड', ज्याच्यासाठी पहिला हेलपाटा झाला होता. दुसऱ्या बाजूला गाणी एकातून एक निघत जातात, शेवटी 'द एंड' येते आणि सगळं संपते. त्यानंतर चौदा सेकंद काही नाही. आधी ब्लूटूथवर या चौदा सेकंदांत स्पीकर झोपून जायचा आणि पुढचं तेवीस सेकंदांचं छोटं गाणं मधूनच कुठून तरी सुरू व्हायचं. या वेळी मी हात गुडघ्यावर ठेवून मोजत बसलो, मोटरचा आवाज लांबून येत होता, दांडातलं पाणी वाजत होतं, बारा, तेरा, चौदा, आणि धाडकन एक मोठा सूर पडला, इतका मोठा की धुऱ्यावरची टिटवी ओरडत उठली. मागच्या एका गाण्याचा शेवटचा सूर तिथं चिकटून राहिला आहे म्हणतात. आठ महिन्यांत तो मी पहिल्यांदा ऐकला. मग ते छोटं गाणं, नुसती गिटार आणि एक माणूस, आणि शेवटचा सूर यायच्या आधीच बंद.

वायर हलवून पाहिली नाही. तो सूर रेकॉर्डमध्येच नाही.